खाऱ्या वाऱ्यात सिरॅमिक कोटिंग: ३० मिलीची बाटली घरी लावावी का?

निकाल आधीच सांगून टाकतो. कारप्रो कंपनीचं सीक्वार्ट्झ यूके ३.० हे गाडीच्या रंगावर काचेसारखा पातळ थर धरणारं कोटिंग कोकणात घरच्या घरी लावता येतं आणि पैसे वसूल करतं. मात्र ते दिवाळी उलटून थंडी पडल्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतच लावायचं, डोक्यावर पक्कं छप्पर हवं आणि लावल्यावर दोन दिवस गाडी बाहेर काढायची नाही. यातलं एक जरी जमणारं नसेल तर बाटलीच्या नादाला लागू नका, धुतलेल्या गाडीवर नुसता फवारून पुसायचा कोटिंग स्प्रे घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलंय. समुद्रालगत राहतो, गाडी गंजू नये म्हणून कोटिंग करायचंय, असा विचार असेल तर तो मात्र इथेच सोडा. दारांच्या खालच्या कडा, मडगार्डची आतली बाजू, चासीचे जोड इथे जो गंज धरतो, तिथपर्यंत हे कोटिंग पोचतच नाही.

डब्यात कोटिंगची छोटी काचेची बाटली, स्पंजचा ठोकळा आणि त्यावर गुंडाळायचे सुएडचे चौकोनी तुकडे येतात. बाटली ३० आणि ५० मिलीत मिळते. हॅचबॅकला एका थराला १५ ते २० मिली लागतं, छोट्या एसयूव्हीला २० ते २५, सात सीटच्या मोठ्या गाडीला ३०च्या आसपास. म्हणजे ३० मिलीत छोट्या गाडीचा एक पूर्ण थर होतो आणि वर बोनेट नि टपाला दुसरा हात मारता येतो. मोठ्या गाडीला सरळ ५०ची घ्या. ३०च्या बाटलीत ताणून लावलेल्या मोठ्या गाडीचा शेवटचा दरवाजा नेहमीच उपाशी राहतो, आणि तो कुठला ते पहिल्या पावसात लांबूनही कळतं.

बाकीचं सामान वेगळं घ्यावं लागतं: आखूड लवीची ३००-४०० जीएसएमची (चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाची) ८ ते १० मायक्रोफायबर फडकी, पॅनेल वाइप (पॉलिशचं तेल पुसून काढायचं द्रव), आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेली लोखंडी भुकटी काढायचं रसायन), डांबर काढायचं रसायन, क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी), नायट्राइलचे हातमोजे, डोक्याला लावायचा एलईडी टॉर्च आणि ४-५ लिटर डिस्टिल्ड वॉटर. हे सगळं जमवताना बाटलीइतकाच खर्च होतो. नुसत्या बाटलीची किंमत बघून हिशेब मांडणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

आता अशा कोटिंगांच्या बाटल्यांवर मिरवल्या जाणाऱ्या ‘९एच’बद्दल. हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या मापावरचा आहे. ठराविक दाबाने फिरवलेल्या पेन्सिलीने चरा पडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. थराची जाडी मायक्रोनभर, बहुतेकदा त्याहूनही कमी. त्याखालचा कंपनीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रोनचा असतो. तेव्हा गावच्या बोळातून जाताना दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या करवंदीच्या जाळ्या, ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी, अंगणात पडलेला नारळ यांपुढे कोटिंग काही करू शकत नाही. ज्याला चरे नकोत त्याने पीपीएफकडे, म्हणजे रंगावर चिकटवायच्या जाड पारदर्शक फिल्मकडे बघावं. तो वेगळा खर्च आणि वेगळं कसब.

मग मिळतं काय? जांभ्याची लाल धूळ रंगाला धरून बसत नाही, पाण्याच्या जोराने निघते. हे एकच कारण कोकणात पुरेसं आहे. ज्या गाडीला दर आठवड्याला फडकं घासावं लागतं तिच्या रंगावर बारीक गोल चऱ्यांचं जाळं याच धुळीने पडतं. घासणं कमी झालं की जाळं कमी. शिवाय आंब्याचा चीक, पक्ष्यांची विष्ठा, वटवाघळांनी टाकलेली घाण हे रंगात मुरायला थोडा जास्त वेळ घेतात. थोडा म्हणजे काही तास. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत राहिलेली विष्ठा कोटिंगलाही डाग पाडते.

वेळ साधणं

नावातलं ‘यूके’ ब्रिटनच्या थंड, ओलसर हवेवरून आलंय. तिथला दमटपणा आपल्या ओळखीचा आहे, ऊन मात्र नाही. अशी कोटिंगं हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊनच घट्ट होतात. ओलावा जास्त झाला की ती लवकर धरतात, उष्णता जास्त झाली की त्यातलं द्रावक लवकर उडून जातं. कोकणात दोन्ही एकाच वेळी होतं. थंड हवेत लावल्यानंतर एक-दोन मिनिटं थांबून पुसायला सांगतात; आपल्याकडे ३० ते ४५ सेकंदांतच हात चालवावा लागतो. उशीर झाला की फडकं ओढलं जातं, जोर लावावा लागतो आणि मागे ढगाळ पट्टे राहतात.

हिवाळ्यात किनाऱ्यावर रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वारा वाहतो. तो त्यातल्या त्यात कोरडा आणि गार. दुपारी १२-१च्या सुमाराला वारा फिरतो आणि खारे वारे आत येऊ लागतात. काम यांच्या मध्येच उरकायचं: दहिवर उडून गेल्यावर, साधारण ९ वाजता सुरुवात आणि वारा फिरायच्या आत शेवटचं पॅनेल. हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ला अशा अगदी दर्याकाठच्या गावांत हा नियम काटेकोर पाळा. लांजा, सावंतवाडी, चिपळूणकडे तासाभराची सवलत मिळते. साधा डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो आदल्या दिवशीपासून गाडीजवळ ठेवा. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर निवांत काम करा. ७०च्या पुढे गेला तर एका वेळी लावायचा भाग निम्मा करा. ८० दाखवत असेल तर बाटली उघडूच नका. जून ते सप्टेंबर हा प्रश्नच येत नाही. ऑक्टोबर कोरडा वाटला तरी हवेत ओल असते आणि पत्रा तापतो, त्यामुळे तोही सोडा. पत्र्याला पालथा हात लावून गरम लागलं तर तो भाग सावलीत निवू द्या.

जागेचंही बघावं लागतं. झावळ्यांचा मांडव सावलीला चांगला, पण वरून कुसळं, किडे आणि भुसा पडत राहतो. आतून ताडपत्री बांधल्याशिवाय त्याखाली काम नको. शेडनेटखाली तर धूळ सरळ गाळून येते. पत्र्याची शेड किंवा मोटारगॅरेज उत्तम, पण शेडचा पत्रा १० वाजल्यापासून तापायला लागतो हे लक्षात ठेवा. धूळ बसावी म्हणून खळ्यात पाणी शिंपायचं तर ते आदल्या संध्याकाळी. ऐनवेळी शिंपलेलं पाणी हवेत ओलच वाढवतं.

धुणं आणि पाण्याची परीक्षा

धुण्याची रीत सगळीकडे सारखीच: आधी फेस मारून धूळ सोडवायची, मग दोन बादल्यांनी, वरून खाली. तिथे वेळ घालवत नाही. इथलं म्हणून सांगायचं ते पाण्याबद्दल.

जांभ्याच्या सड्यावरच्या किंवा डोंगरउतारावरच्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं आणि त्याचे डाग फारसे पडत नाहीत. खाडीलगतच्या आणि किनारपट्टीच्या विहिरी मात्र उन्हाळ्याकडे मचूळ होत जातात, बोअरवेलचं पाणी तर कित्येकदा बारमाही जड. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर बुडवून बघा. १००च्या आत असेल तर काळजी नको, ३००च्या वर असेल तर शेवटचं विसळणं दुसऱ्या पाण्याने करा. आधीच पांढरे गोल डाग पडलेले असतील तर ते आम्लयुक्त वॉटर स्पॉट रिमूव्हरने पॉलिशच्या आधी काढून टाका. कोटिंगखाली गेलेला डाग मग कोटिंग काढल्याशिवाय निघत नाही.

धुतल्यावर डांबर. मुंबई-गोवा महामार्गावर नेहमीची ये-जा असेल तर दारांच्या खालच्या भागावर डांबराचे काळे ठिपके आणि कामांच्या टप्प्यांतले सिमेंटचे शिंतोडेही सापडतील. डांबराला रसायन चालतं, सिमेंटला नाही. सिमेंट नखाने किंवा पात्याने खरवडू नका. व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून त्यात फडकं भिजवा, १० मिनिटं ठिपक्यावर धरून ठेवा, मऊ झालं की पुसा आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. मग आयर्न रिमूव्हर सावलीत मारून २ ते ४ मिनिटं ठेवायचा आणि सुकायच्या आत धुऊन टाकायचा. ब्रेकची लोखंडी भुकटी रंगात रुतलेली असते, ती जांभळी होऊन ओघळते. जांभ्याच्या धुळीत लोहाचा अंश असला तरी ती रुतलेली नसते, वर बसलेली असते. ती या रसायनाने जाईल म्हणून बाटलीभर रिमूव्हर ओतू नका.

त्यानंतर क्ले बार, भरपूर वंगण घेऊन, हलक्या हाताने. मग एक पायरी अशी की जी बहुतेक जण गाळतात: दारांच्या फटी, रबरी पट्ट्यांच्या मागची जागा, नंबरप्लेटच्या कडा, आरशांचे सांधे ब्लोअरने फुंकून घेणं. लाल माती तिथे दडून बसते आणि पुसताना फडक्यात येते. फडकं एकदा मातीला लागलं की त्या पॅनेलवर चरे ओढत जातं.

पॉलिश

शोरूममधून महिनाभराच्या आत आलेली गाडी असेल तर हाताने फिनिशिंग पॉलिश पुरे. जुन्या गाडीवर ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवत हलवणारं पॉलिशचं यंत्र) लागतंच, कारण कोटिंग खालच्या रंगाला झाकत नाही. चरे आहेत तसे दिसतात, काळ्या गाडीवर तर उठून दिसतात. मशीन पहिल्यांदाच धरत असाल तर जाड घासणारं कंपाउंड घेऊच नका. मऊ पॅड, बारीक पॉलिश आणि पॅनेलच्या कडांना चिकटपट्टी. कडांवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो आणि तिथेच तो आधी जातो.

पुन्हा रंगवलेल्या पॅनेलबद्दल जरा सांभाळून. गावातल्या गॅरेजात लांबी भरून, उघड्यावर रंग मारून हवेवर वाळवलेलं पॅनेल भट्टीत वाळवलेल्यासारखं घट्ट नसतं. त्यातलं द्रावक आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतं. त्यावर कोटिंग मारलं तर रंग मंद पडतो किंवा बारीक फोड येतात. निदान दोन महिने जाऊ द्या, आणि मधे पावसाळा आला असेल तर आणखी.

लावायच्या दिवशी

आदल्या दिवशी धुऊन, पॉलिश करून उभी केलेली गाडी सकाळी लखलखीत दिसते, पण किनाऱ्यावर रात्रीत तिच्यावर मिठाचा अगदी पातळ थर बसलेला असतो. पॅनेल वाइप मुख्यतः अल्कोहोलचं. मीठ अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून सकाळी आधी डिस्टिल्ड पाण्याने ओलं केलेलं फडकं फिरवायचं, कोरडं पुसायचं आणि मग पॅनेल वाइप. नुसतं वाइप मारणारे मीठ इकडून तिकडे पसरवतात आणि पुढे कोटिंग ठिकठिकाणी सुटलं की बाटलीला दोष देतात. पूर्ण गाडीला १०० ते १५० मिली वाइप लागतं. पॉलिशचं तेल पूर्ण निघालं की नाही ते टॉर्च तिरका धरून बघा. इंद्रधनुषी झाक दिसली तर पुन्हा पुसा.

हातमोजे घाला, चष्मा लावा, जागेत वारा खेळता ठेवा. आत वास कोंडत असेल तर रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क हवा, कापडी मास्क कामाचा नाही. द्रावक पेट घेणारं आहे. पडवीत चूल, शेगडी किंवा देवापुढची उदबत्ती चालू असेल तर आधी ती विझवा.

सुरुवात बोनेटपासून करू नका. मागच्या दरवाजापासून करा. उभा, सपाट आणि फारसा नजरेत न येणारा भाग आहे, हात तिथे बसवून घ्या. ठोकळ्यावर सुएड ताणून पहिल्यांदा ८-१० थेंब एका रेघेत टाका, पुढच्या प्रत्येक भागाला ४-५ थेंब. दीड फूट बाय दीड फूट, बस्स. आधी आडवे हात, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. जोर लावायचा नाही. थर इतका पातळ की लावल्यावर काचेसारखी ओल दिसली पाहिजे, ओघळ नाही. काही सेकंदांत ती ओल आक्रसून बारीक थेंबांसारखी दिसू लागते आणि रंगांची झाक येते. तीच पुसायची वेळ. घड्याळावर विसंबू नका. सकाळी ९चं घड्याळ आणि ११चं घड्याळ वेगळं चालतं.

पुसायला दोन फडकी. पहिल्याने थर फक्त समतल करायचा, हात हलका, पिळवटून नाही. दुसऱ्याने चकाकी आणायची. पहिलं फडकं तीन-चार भागांनंतर भरतं. ते उलटा, मग बाजूला टाका. सुएडचा तुकडा दोन पॅनेलनंतर कडक लागायला लागतो. काटकसर म्हणून तोच पुढे चालवू नका, त्यावर वाळलेले कण काचेसारखे धारदार असतात आणि ताज्या पॉलिशवर सरळ चरे ओढतात. वापरलेली फडकी धुऊन पुन्हा गाडीच्या रंगाला लावायची नाहीत. चाकांना, इंजिनाला चालतील. प्रत्येक वेळी थेंब टाकले की बूच लगेच बंद करा. बाटलीच्या तोंडाशी पांढरे कण जमतात, ते ठोकळ्यावर पडू देऊ नका.

काचेवर, रबरावर लागलं तर ताबडतोब पुसा. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मात्र मुद्दाम लावा. इथल्या उन्हाने दोन-तीन वर्षांत राखाडी झालेली प्लॅस्टिकची कड नीट धुऊन, वाइप मारून यावर एक हात फिरवला की ती गडद होते आणि टायरचमक मारल्यासारखी पहिल्या सरीत उतरत नाही. या उत्पादनाचा हा गुण आम्हाला रंगावरच्या चकाकीपेक्षाही मोलाचा वाटतो.

पांढऱ्या गाडीची अडचण

कोकणात पांढऱ्या गाड्या उदंड आणि त्यांच्यावर राहिलेला जास्तीचा थर दिसता दिसत नाही. काळ्यावर इंद्रधनुष्य दिसतं. पांढऱ्यावर फार तर एखादा मळकट राखाडी ओघळ, तोही अगदी तिरक्या नजरेने. म्हणून पांढऱ्या गाडीवर डोळ्यांबरोबर हातावरही भरवसा ठेवा. दुसरं फडकं सहज सरकत असेल तर जागा साफ, कुठे किंचित अडलं तर तिथे थर उरलाय. प्रत्येक पॅनेल झाल्यावर टॉर्च एका कडेला पत्र्याला जवळजवळ समांतर धरून बघा, आणि गाडी पूर्ण झाल्यावर १५-२० मिनिटांनी पुन्हा एक फेरी मारा. बोनेटचे उंचवटे, दारांच्या मुठींखालची खोलगट जागा, डिकीच्या अक्षरांच्या आजूबाजूला हमखास सापडतं.

अर्ध्या तासाच्या आत सापडलेला पट्टा त्याच कोटिंगचे दोन ताजे थेंब लावून मऊ होतो आणि पुसला जातो. दोन-तीन तासांनी पॅनेल वाइपने जमलं तर जमलं. दुसऱ्या दिवशी पॉलिशशिवाय उपाय नाही. तेवढीच जागा बारीक पॉलिशने घासा, पुसा आणि तेवढ्यालाच पुन्हा कोटिंग लावा. सगळी गाडी उपसायची गरज पडत नाही.

दुसरा थर द्यायचा असेल तर तासाभराने, तोही फक्त बोनेट, टप आणि डिकीला. ऊन आणि पाऊस हेच भाग सोसतात. पण तोवर खारा वारा सुटला असेल तर दुसऱ्या थराचा मोह आवरा.

दहिवराची धास्ती

पहिले २४ तास पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शाम्पू नको, हा सर्वसाधारण नियम. कोकणात तो मोडतो ते पावसाने नाही, दहिवराने. जानेवारीत उघड्यावर उभ्या गाडीचा टप पहाटे निथळत असतो. कच्च्या कोटिंगवर ते थेंब उन्हात सुकले तर गोल ठसे उमटतात. म्हणून पहिल्या दोन रात्री गाडी छपराखालीच हवी. कव्हर घालून भागत नाही. ताज्या थराला कव्हर घासतं आणि आत ओल कोंडून ठेवतं. तरीही दव पडलंच तर ऊन चढायच्या आत मऊ, कोरड्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका.

स्प्रे, सर्व्हिस आणि नकली माल

स्प्रेच्या बाटल्यांवर बारा महिन्यांपर्यंतचे दावे असतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीसारख्या ठिकाणी आम्ही दोन-तीन महिन्यांचा हिशेब धरतो, पावसाळ्यात महिन्याचा. पण धुतलेल्या गाडीवर फवारा, पसरवा, पुसा, अर्ध्या तासात काम संपतं, आणि चुकलं तरी पुढच्या धुण्यात सुधारतं. गाडी झाडाखाली किंवा रस्त्यावर उभी राहत असेल तर मोठ्या बाटलीपेक्षा स्प्रे शहाणपणाचा. यूके ३.० नीट लागलं आणि सांभाळलं तर दोन वर्षांच्या घरात जातं, दर्याकाठी आम्ही दीड धरतो.

गाडी डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे पैसे घेऊन पॉलिश-कोटिंग करून देणाऱ्याकडे द्यायची असेल तर वॉरंटीच्या आकड्यापेक्षा चार प्रश्न विचारा. कोणती बाटली, आणि ती आमच्यासमोर उघडणार का? पॉलिश किती टप्प्यांचं? लावल्यावर गाडी किती वेळ आत ठेवणार? वॉरंटी टिकवायला दर सहा महिन्यांनी विकतची सर्व्हिस सक्तीची आहे का? शेवटचं फार महत्त्वाचं. मालवणहून कोल्हापूरला किंवा देवगडहून पुण्याला दर सहा महिन्यांनी गाडी नेणार नसाल तर पाच वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते. त्यातही पाण्याचे डाग आणि पक्ष्यांची विष्ठा बहुधा वगळलेली असते, म्हणजे नेमकं जे इथे होतं तेच. संध्याकाळी नेऊन सकाळी परत देतो म्हणणाऱ्याने पॉलिश कधी केलं असेल ते तुम्हीच ठरवा.

ऑनलाइन अगदी पडेल किमतीला मिळणाऱ्या ‘९एच’ बाटल्यांची परीक्षा घरीच होते. स्टीलच्या चमच्यात चार थेंब टाकून दोन दिवस ठेवा. खऱ्या कोटिंगचा कडक, काचेसारखा पापुद्रा होतो. बोटाला तेलकट लागत राहिलं तर ते सिलिकॉनचं तेल आहे. गाडी महिनाभर चमकेल आणि मग होती तशी.

नंतरची निगा

डिसेंबर ते फेब्रुवारी हापूस मोहोरलेला असताना त्याच्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा टपावर आणि काचेवर पडतो, पुढे त्यावर काळी बुरशी धरते. कोटिंग असलं तर हा चिकटा कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवून निघतो. नखाने खरवडायचं नाही. आंब्याचा किंवा फणसाचा चीक वाळला असेल तर थोडं अल्कोहोल. काजूच्या बोंडाचा रस त्याच दिवशी धुवा.

पावसाळ्यानंतर अनेकांची तक्रार असते की पाणी आता मोत्यासारखं उभं राहत नाही, कोटिंग गेलं. बहुतेकदा गेलेलं नसतं, रस्त्यावरच्या तेलकट चिखलाने बुजलेलं असतं. एकदा आयर्न रिमूव्हर आणि जरा तिखट, अल्कलाइन शाम्पूने धुवा. थेंब परत आले तर कोटिंग जिवंत आहे. पाणी घरंगळतं म्हणून गाडी उन्हात तशीच वाळू द्यायची चूक मात्र करू नका. मचूळ पाण्याचे थेंब कोटिंगवर जास्त उभे राहतात, त्यामुळे सुकल्यावर डागही जास्त ठळक पडतात. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून शेवटचं विसळणं त्यानेच केलं तर याहून चांगलं पाणी विकत मिळायचं नाही. छपरावरची धूळ धुऊन जायला पहिले काही पाऊस सोडून द्या.

गंजाचं काम वेगळं आणि ते कोटिंगच्या आधी करावं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून नेहमी जाणारी, किंवा पुळणीवर उतरवलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवायला हवी. मडगार्डच्या आत, चाकांच्या मागे, सायलेन्सरच्या वर. दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. पुढच्या काचेखालच्या जाळीत माडाची फुलं आणि आंब्याची पानं कुजून ओल धरतात, ती उपसा. पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (आत फवारायचं गंजरोधक मेण) आणि खालून अँटीरस्ट हे कोटिंगच्या बजेटमधूनच बाजूला काढा. पैसे एकाच कामाला पुरत असतील तर अँटीरस्ट आधी.

उरलेल्या बाटलीचं काय? उघडलेली बाटली दमट हवेत काही आठवड्यांत घट्ट व्हायला लागते. घट्ट बूच, कोरडी आणि गार जागा. फ्रीजमधून काढून गार असतानाच उघडली तर आतच ओल धरते. त्यापेक्षा उरलेले ५-७ मिली त्याच आठवड्यात अलॉय चाकांच्या बाहेरच्या तोंडावर आणि दारांच्या आतल्या कडांवर संपवून टाका. तळाशी जेली झालेला भाग रंगाला लावायचा नाही आणि विहिरीजवळ किंवा गटारात ओतायचाही नाही. बाटली उघडी ठेवून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी वाळू द्या, कडक झाली की कचऱ्यात.